जात्याच्या खुंट्यावरून गेलेलं दुखणं

आधीच सांगून टाकते — असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आमचं घर ख्रिस्ती, दोन पिढ्यांपासूनचं. अंगारा, उतारा, देवऋषी हे शब्द घरात काढायची सोय नव्हती, आणि मला त्यांची कधी गरजही वाटली नाही. या सदरात तुम्ही मंडळी पिंपळावरच्या बायकांबद्दल लिहिता ते मी वाचते आणि खरं सांगू? मला राग येतो. तुमची पिंपळावरची बाई लोक खरी मानतात! माझी साधी मान दुखत होती, तर घरातल्या एकाही माणसाने खरं मानलं नाही.

गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांतली. आता ज्याला श्रीरामपूर म्हणतात त्या स्टेशनापासून टांग्याने तासाभरावर, प्रवरेच्या कालव्याकाठी आमचं गाव. घरात माणसं तीन — मी, माझे यजमान आणि सासूबाई. यजमान गावच्या शाळेत शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. इथे मीही तेच म्हणते. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत माझ्या मानेत उजव्या बाजूला गाठी आल्या. नगरला नेऊन ऑपरेशन केलं. गाठी निघाल्या, टाके काढले, सगळे खूश. आणि मग ते सुरू झालं... कानाच्या खालून निघायचं, खांद्यावरून उतरायचं आणि कोपरापर्यंत जायचं. सारखी आग, आणि मधेच तापलेला दाभण आरपार घालावा तशी कळ. डोक्यावरून घेतलेला पदर त्या खांद्याला नुसता लागला तरी डोळ्यांत पाणी यायचं. पदर सोसत नाही त्या बाईने संसार करायचा कसा, सांगा!

पुन्हा नगरला गेलो. डॉक्टरांनी व्रण दाबून पाहिला, मी किंचाळले, आणि ते मास्तरांकडे बघून म्हणाले, "जखम उत्तम भरली आहे. आता दुखायचं काही कारण नाही." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही! ते वाक्य मास्तर घरी घेऊन आले. मी "आई गं" म्हटलं की झालं सुरू — "मनोरमा, डॉक्टर काय म्हणाले? दुखायचं कारण नाही." जशी काही माझी मान डॉक्टरांना विचारून दुखणार होती.

आत्याबाईंचं तर विचारूच नका. शेजारणींसमोर, मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, "कामाचं नाव काढलं की हिचा खांदा दुखतुया. जेवताना बरा हात तोंडापत्तुर जातो!" आणि एक दिवस मास्तरांना म्हणाल्या, "हिला म्हायेरी धाडून दे. बरी झाली तर यील, न्हाईतर ऱ्हाईल तितंच." मास्तर नाही म्हणाले नाहीत. माझे वडील वारलेले, भावाचा संसार जेमतेम. दारात आलेल्या बहिणीला तो हाकलणार नव्हता, पण मान खाली घालून तिथे किती वर्षं काढायची?

लढाईमुळे तेल मिळेना म्हणून गावातली इंजिनावरची पिठाची गिरणी बंद पडली होती. कोपऱ्यात सारलेली जाती घरोघरी पुन्हा बाहेर आली. आमचं जातं जड. दोघींनी समोरासमोर बसायचं आणि एकच खुंटा धरून ओढायचं. मी डाव्या हाताने ओढायची.

त्या दिवशी सकाळी आत्याबाईंचा पारा चढलेला. "उजव्या हातानं वढ. बगू तरी कसा दुखतो त्ये!" म्हणाल्या. माझा उजवा हात धरून त्यांनी खुंट्यावर ठेवला, वर आपला हात दाबला आणि जातं ओढलं. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मी त्या वेळी मनात काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

आणि किंचाळल्या त्या आत्याबाई!

खुंटा सोडून, उजवा खांदा धरून त्या भिंतीला टेकल्या. अंगावरचा पदर फेकून दिला. आणि मी? मला आधी कळेचना काय झालंय. दुखत नव्हतं. कानाखाली नाही, खांद्यात नाही, कुठेच नाही. पदर माझ्या खांद्यावर होता, आणि तो नुसता पदर होता.

मग काय थाटमाट विचारता! मास्तर शाळा सोडून धावत आले. शेजारणी शेकायला तव्यावर फडकी तापवून घेऊन आल्या. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. लगोलग टांगा. माझ्यासाठी त्या घरात कधी कोणी वाटीभर पाणी तापवलं नव्हतं. श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "सूज नाही, जखम नाही. दुखायचं कारण दिसत नाही." मास्तर दवाखान्यातून तणतणतच बाहेर आले. "याला डॉक्टर कुणी केला? माझी आई काय खोटं बोलते?" मी टांग्यात बसले होते. बोलले असते तर घोडा उधळला असता.

पुढचे काही दिवस मी उजव्या कुशीवर झोपले. दोन्ही हात वर करून वेणी घातली. आनंद झाला? झाला! लपवत नाही.

एका दुपारी मास्तर शाळेत असताना आत्याबाई चुलीपाशी येऊन बसल्या. चेहरा पार उतरलेला.

"मनू," म्हणाल्या. या नावाने त्यांनी मला कधी हाक मारली नव्हती. "कानाखालून निगतं आन् कोपरापत्तुर जातं. ह्येच व्हय गं तुझं?"

"हेच."

"पदर सोसत न्हाई."

"माहीत आहे मला."

"जीव जाईल माझा. तुझ्या हातावर हात ठिवला तवा आलं हे. परत ठिवू... काढून घे की गं."

"आणि मी परत जळू? नाटकं करते म्हणून तुम्ही मला माहेरी धाडायला मोकळ्या!"

"न्हाई धाडत. प्रभूला स्मरून सांगते. रविवारी साक्षीला उभी ऱ्हाते आन् समद्यांम्होरं सांगते. सुनंचं दुखनं खरं हाय, मीच तिला खोटं पाडलं."

आमच्याकडे उपासनेत कोणीही उभं राहून देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगतं, त्याला साक्ष म्हणतात. साक्षीत खोटं बोलायचं नाही हे लहान पोरही जाणतं. मला ते पुरेसं वाटलं. दुखणं सोसता येतं हो, खोटी म्हणून जगणं मला सोसत नव्हतं. शिवाय त्यांच्या तोंडाकडे बघवेना. तो जाळ काय असतो हे गावात मला एकटीलाच माहीत होतं.

रिकामं जातं ओढायचं नसतं म्हणून मूठभर बाजरी टाकली. खुंट्यावर माझा हात, वर त्यांचा. अर्धा फेरासुद्धा पुरा झाला नाही... "गेलं गं बाई!" म्हणत त्यांनी खांदा गरागरा फिरवला. मी जात्याशेजारी पालथी पडले होते.

पुढे पुष्कळ वर्षांनी पुण्यात एका डॉक्टरांनी मला सांगितलं की ऑपरेशनमध्ये शीर दुखावली असणार, असं दुखणं जन्मभर राहू शकतं. ठीक. जात्याचं सांगितलं तर हसून म्हणाले, सासूबाईंच्या मनाचा खेळ. मनाचा! आत्याबाईंच्या मानेला सुरी लागली नव्हती. दुखणं कुठून निघतं आणि कुठवर जातं हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. ऐकायला कोण बसलं होतं?

रविवार आला. देवळात — चर्चला आम्ही देऊळच म्हणतो — आम्ही बायका एका बाजूला सतरंजीवर, पुरुष दुसऱ्या बाजूला. पाळकसाहेबांनी विचारलं, कोणाची साक्ष आहे का? आत्याबाई उठल्या.

"मला लई दुखनं आलं हुतं," त्या म्हणाल्या. "डागदर हरलं. प्रभूनं मला हात लावला आन् बरं केलं. त्याचं नाव धन्य असो."

आणि बसल्या.

सगळी मंडळी म्हणाली, "आमेन!" शेजारच्या बाईने मला कोपराने ढोसलं, नेमकं उजवीकडून. "सासू बरी झाली तुझी, आमेन म्हण की गं!" कळ कानापासून कोपरापर्यंत गेली आणि मी भर देवळात ओरडले. तिकडून मास्तरांचा आवाज आला, "झाली हिची नाटकं सुरू!"

आत्याबाई शेजारीच होत्या. खाली बघत पदराचा काठ चाचपत राहिल्या, त्याच उजव्या खांद्यावरच्या पदराचा.

मला माहेरी धाडलं नाही, तेवढा शब्द पाळला. उजव्या हाताने दळायलाही पुन्हा कधी सांगितलं नाही. पण त्या मरेपर्यंत मी गावात नाटकी सूनच राहिले. दुखणं खुंट्यावरून कसं गेलं आणि कसं परत आलं, मला माहीत नाही. तुमच्यापैकी कोणाला ठाऊक असलं तरी कळवू नका, मला नकोय. मला एवढंच सांगा — माझी कळ जिला स्वतःच्या खांद्यात कळली होती, ती बाई त्या दिवशी गप्प कशी बसली?