पऱ्हाटीचा किनारा

यवतमाळहून समुद्राला जायचं तर जवळजवळ अख्खा महाराष्ट्र ओलांडावा लागतो. तरीही आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मी किनारी जलगतिकी शिकवत होतो. ऐच्छिक विषयांच्या यादीत ती होती आणि यादीतल्या दुसऱ्या विषयाचे प्राध्यापक नोकरी सोडून नागपूरला गेले होते. यापलीकडे काही धोरण नव्हतं. उथळ पाण्यात आल्यावर लाट उंच का होते, मग का फुटते, हे मी फळ्यावर काढून दाखवत असे. वर्गातल्या बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नव्हता, त्यामुळे शंका कमी येत.

ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव पडलेले, मुंबई-दिल्लीचे कॅमेरेवाले लॉजवर मुक्कामाला. अशात आमच्या प्राचार्यांनी विदर्भातली पहिली लाट-प्रयोगशाळा काढायचं मनावर घेतलं. टाकीच्या आधी पाटी आली.

टाकी म्हणजे खोलीभर लांब, अरुंद हौद, एका बाजूला काच. एका टोकाला लाटा उठवणारी फळी, आणि ती हलवायला जीपच्या वायपरची मोटर. मोटर दिली शेवटच्या वर्षातल्या एका मुलीच्या वडिलांनी. त्यांचं दारव्हा रोडला गॅरेज होतं. मुलीला कोकणातल्या एका बंदरावर नोकरी मिळत होती. लाटा अडवायला समुद्रात घातलेल्या दगडी बांधांची देखभाल करायची. वडील हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते.

"एवढ्या दूर जाऊन पोरगी करन काय, ते मले एकदा पाहू द्या, सर," ते म्हणाले. उद्घाटनाला बोलावतो, असं मी त्यांना सांगितलं.

मुलीनं टाकीच्या मध्यावर खडीचा छोटा बांध रचला. लाटा समोरून यायच्या, बांध त्या झेलायचा, सगळं पुस्तकाप्रमाणे. अडचण पुढे होती. बांधावरून पलीकडे गेलेलं पाणी टाकीच्या शेवटच्या भिंतीवर आपटून परत यायचं आणि बांधाला मागून मार बसायचा. खऱ्या किनाऱ्यावर उतारावरच्या वाळूत लाट जिरते. सिमेंटच्या भिंतीत काहीच जिरत नाही. लाट जिरवणारी जाळी बाहेरून मागवता आली असती, पण तोवर पैसे पाटीत गेले होते.

मग तिनं वडिलांच्या टेम्पोतून पऱ्हाटीच्या पेंढ्या आणल्या. कापूस वेचून झाल्यावर शेतात उरतात त्या वाळक्या काड्या. आमच्याकडे चुलीत जातात. शेवटच्या भिंतीशी तिनं त्या उतरत्या रचल्या. लाट काड्यांत शिरली आणि परत आली नाही. पाणी मात्र चहासारखं झालं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी प्राचार्य पाहायला आले.

"हे काय आहे?"

"पऱ्हाटी, सर."

"ते दिसते मले. इथं कायले?"

मुलीनं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"कापसाच्या भावासाठी मोर्चेवाल्यांनी परवा कलेक्टर हापिसाच्या दारात हेच टाकलं. उद्या सरकारचे पाहुणे आत येतील अन् समोर पऱ्हाटी. निषेध वाटेल. काढा."

"पण सर, मग लाटा परत येतील."

"येऊ द्या. जास्त दिसतील."

पऱ्हाटी वर्कशॉपच्या शेडमागे गेली. टाकीत स्वच्छ पाणी भरलं आणि त्यात थोडी नीळ टाकली.

पाहुण्यांनी फीत कापली, आपल्या पूर्वजांच्या सागरी पराक्रमावर भाषण केलं आणि बटण दाबलं. लाटा गेल्या, परत आल्या, एकमेकींना भेटल्या. थोड्या वेळात पाणी ढिगाऱ्यासारखं उभं राहून काठावरून सांडू लागलं. पहिल्या रांगेचे बूट भिजले. मुलीचा बांध मागून ढासळला आणि खडी तळाला पसरली. पाहुणे खूश झाले. "अगदी समुद्रासारखं," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आलेले तिचे वडील भिंतीशी उभे राहून त्या खडीकडे बघत होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

सगळे जेवायला गेले. मुलगी शेडमागून पेंढ्या ओढून आणू लागली. मी एक उचलली, वडिलांनी दोन. मग तिनं बाही वर करून बांध पुन्हा रचला आणि बटण दाबलं. बांध उभा राहिला. वडील काचेशी उकिडवे बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

"तिकडं पऱ्हाटी कुठून आणशील?"

"तिकडं किनारा असते, अब्बा. लाट त्याच्यातच जिरते."

"मग तुले कायले बोलावून राह्यले ते?"

"लोकं किनाऱ्यावरच भिंत बांधतेत नं."

ते हसले. "आपले प्राचार्य तिकडं बी आहेत म्हन की."

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. मला नोकरी टिकवायची होती.

त्यांनी मोटरला हात लावून पाहिला आणि बटण बंद केलं. "गरम झाली. हिले इतकं चालवायची सवय नाही." मग माझ्याकडे वळून विचारलं, "सर, तिकडं इथून एसटी जाते का?"

"थेट नाही. दोनदा बदलावी लागेल."

"सामान राह्यते पोरीचं," ते म्हणाले. "टेम्पोनंच सोडून येतो."