एका बोडीतल्या दोघी

आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात आणि थोरल्या जावेलाही बाईच. फरक एवढाच, की बहिणीला ‘तू’ म्हणायचं आणि जावेला ‘तुम्ही’. धाकटी जाऊ लाखनीच्या बाजारात लांबून मला “बाई” हाक मारायची, तेव्हा भाजीवाल्या आम्हाला सख्ख्या बहिणी समजायच्या. पदर खोचणंही म्हणे सारखंच. मी लगेच दुरुस्ती करायचे. ती शांत, मी तिखट. कुठून आल्या बहिणी?

गेल्या वर्षी धाकटे दीर वारले. दिवाळी झाली की तिचा भाऊ तिला कायमची माहेरी, अड्याळला न्यायला येणार होता. तिला मूलबाळ नाही, तेव्हा त्याचं म्हणणं रास्तच होतं. तरी मला त्याचा राग येई, आणि तो मी भांड्यांवर काढी.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मी शेतालगतच्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, उतरून कमळं आणली. वनस्पतिशास्त्र शिकणारी माझी लेक हसायलाच लागली. त्यातली निम्मी कुमुदं होती. तिनं दोन्ही फुलं ताटात मांडली. कमळाच्या पोटात झारीच्या तोंडासारखं बोंड, कुमुदात ते नाही. कमळाचं पान अख्खं गोल, पाण्याबाहेर मान काढून उभं. कुमुदाचं एका बाजूनं चिरलेलं, पाण्यावर पसरलेलं. दिसायला बहिणी, पण नातं फार लांबचं. कमळाला जवळचा म्हणे काश्मिरातला चिनार. मग या दोघी इतक्या सारख्या कशा, मी विचारलं.

“एकाच पाण्यात राहून,” लेक म्हणाली.

जाऊ वाती वळत होती. पूजेला तिनं दोन्ही फुलं वाहिली.

भाऊबीजेला भाऊ आला, जेवला. तिची पेटी मीच भरून दारात ठेवली होती. ‘राहा’ म्हणायला जीभ रेटली नाही. भावानं पेटी उचलली, तर तिनं ती धरून ठेवली.

“दादा, मी माह्या बहिणीले सोडून नाई येत.”

तो गोंधळला. “तुले कोनती बहीण? आपन तं दोघंच.”

स्वयंपाकघराच्या दारात मी उभी होते, ती माझ्याकडे वळून म्हणाली, “बाई, दादाले चहा ठेव.”

ठेवा नाही, ठेव. मी आत गेले आणि शेगडीपाशी उभी राहून पोटभर रडले.