पावण्यानं दगड उचलायचा नसतो

तीन रविवारांत मिळून आम्ही ओढ्यावर जेवढे दगड रचले, तेवढे एका बैलगाडीत मावले असते. जेवणं मात्र तिन्ही रविवारी झाली, आणि तीही अशी की परतताना ट्रकमध्ये पोरांना मांडी घालून बसवेना. हे आठवलं की मला अजून चीड येते. कुणाची, ते नीट सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

शिवाजी पेठेतल्या एका माडीवर आमच्या सेवा संघाची कचेरी होती आणि मी संघाचा संघटक होतो. पेठांत, गावांत जी सेवा मंडळं निघाली होती ती एकमेकांना जोडून ठेवायची, कुणाला कुदळी कमी पडल्या तर पोचवायच्या, कुणाचं बिनसलं तर समजूत घालायची आणि महिन्याला प्रत्येक मंडळाकडून कामाचा कागद मागवायचा, हे माझं काम. संस्थान विलीन होऊन थोडीच वर्षं झाली होती. श्रमदान हा शब्द नवा कोरा होता आणि सगळ्यांच्या तोंडी होता. मंडळं धडाधड निघत आणि तितक्याच धडाधड झोपत. झोपलेल्यांना उठवत मी जिल्हाभर एस.टी.नं आणि पायी फिरायचो.

मी वर्धेच्याही पलीकडचा. चौथी झाली आणि शाळा सुटली. मामाबरोबर कोल्हापूरला आलो, मामा वर्षभरात कंटाळून परत गेला, मी राहिलो. संघाचे अध्यक्ष वकील होते. एका जत्रेत मी यात्रेकरूंसाठी पाणी ओढत होतो, ते त्यांनी पाहिलं. नाव विचारलं, गाव विचारलं, आणि आठवड्याभरात कचेरीच्या मागची खोली दिली, खाणावळ लावून दिली, हे काम दिलं. आपल्या मुलांना बोलावतात तसं दिवाळीच्या फराळाला बोलावत. त्यांचे उपकार मी कधी विसरलो नाही, आणि आपण त्या जागेला शोभत नाही ही धास्तीही कधी गेली नाही. एकेक पत्र मी तीनदा उतरवून काढायचो. तरी पोस्टाच्या पेटीत टाकलं की वाटायचं, काहीतरी चुकलंच असणार.

शाहूवाडीकडचं ते गाव मलकापुरापासून दोन तासांच्या चालीवर होतं. गावात शाळा होती. ओढ्यापलीकडे दहा-बारा घरांची वाडी होती. पाऊस लागला की ओढा भरायचा आणि वाडीची पोरं दसऱ्यापर्यंत शाळेला मुकायची. वाडीतल्या एका बाईची मुलगी अशीच दोन वर्षं मागं राहिली होती. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ती बाई डोक्यावरचा गवताचा भारा न उतरवताच बोलली.

"मास्तर म्हनत्यात, औंदा बी खाडं झालं तर नाव काढनार. आनि तिचा बा म्हनतोय, नाव काढलं की लगीन उरकून टाकतो. साकव बांधनार हाय का न्हाय तेवढं सांगा. न्हायतर उगं पोरीला आशा लावू नगा."

साकव म्हणजे ओढ्यावरून जायला लाकडाचा साधा पूल. मी म्हटलं, मृगाच्या आत बांधतो. माझ्या जोरावर नव्हे, पेठेतल्या तालमीच्या जोरावर. तालमीच्या पोरांचं सेवा मंडळ होतं, दंड असे की दोघं मिळून ओंडका उचलतील. त्यांचे वस्ताद लगेच तयार झाले. गावातही मंडळ होतं, त्याचा प्रमुख तिशीचा शेतकरी, शब्दाचा पक्का. आराखडा सोपा होता: दोन्ही काठांवर दगडी चौथरे, मध्ये एक खांब, वर जांभळाचे ओंडके आणि आडव्या फळ्या. दोन रविवारांचं काम, असं मी वकीलसाहेबांना छातीठोकपणे सांगितलं.

पहिल्या रविवारी आमचा ट्रक पोचला तर वेशीत सगळं गाव उभं. हलगी वाजत होती. गूळपाणी झालं, चहा झाला, पान झालं. सूर्य डोक्यावर आला तरी कुणी ओढ्याचं नाव काढेना. शेवटी मीच कुदळ उचलली. प्रमुख धावत आला आणि त्यानं ती माझ्या हातातून काढून घेतली.

"ओ पावणं, ठेवा ती खाली. आब्रू घालवताय व्हय आमची?"

"काहून? आम्ही कामासाठीच आलो ना."

"काहून म्हनं!" माझ्या बोलीला सगळे हसले. "अवो, कोल्लापुरास्नं मानसं आली आनि गावानं त्यास्नी दगूड उचलाय लावलं, ही गोष्ट शेजारच्या गावात गेली तर आमी तोंड कुठं दावायचं? पावण्यानं दगूड उचलायचा नसतो. बसा. बोकाड शिजतंय."

गावातली निम्मी माणसं चुलाण्याशी, निम्मी पाहुण्यांशी गप्पा मारायला. काम कोण करणार? जेवणानंतर तालमीच्या पोरांनी लाजेखातर तासभर दगड वाहिले. तेवढ्यात गावच्या पोरांनी शड्डू ठोकले आणि नांगरलेल्या खाचरात कुस्त्या लागल्या. ओढ्यापलीकडे ती बाई बसून होती. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि गुरं घेऊन निघून गेली.

दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी जेवणात गोड वाढलं. ट्रकमध्ये मी वस्तादांवर चिडलो. मी त्यांच्यावर चिडावं अशी माझी पायरी नव्हती. मामा परत गेल्यावर वर्षभर त्यांच्याच तालमीत माझं अंथरूण होतं.

"वस्ताद, तुम्ही एकदा ठणकावून सांगा की त्यांना."

"काय सांगू? ती बाया-मानसं पाटेपासनं राबत्यात आमच्यासाठी. ताटावर बसल्यावर न्हाय म्हनू? तू म्हनून दाव की मर्दा! तीन वेळा रस्सा मागून घेतलास, मी बघितलं न्हाय व्हय?"

पोरं हसली. मीही ओशाळलो, कारण ते खरंच होतं. घर सुटल्यापासून मला कुणी आग्रहानं वाढलं की नाही म्हणताच येत नसे.

सर्वांत वाईट गोष्ट माझ्या फार उशिरा ध्यानात आली. एरवी गावकरी आपल्या आपण, रोज थोडं थोडं करून साकव बांधू शकले असते. पण पाहुणे येणार आहेत म्हटल्यावर त्यांच्यामागं काम कसं उरकायचं, ते बरं दिसत नाही, म्हणून आठवडाभर कुणी ओढ्याकडं फिरकत नसे. म्हणजे मी मदत आणली आणि मदतीनंच काम अडवलं. रोहिण्या तोंडावर आल्या होत्या. मृगाला जेमतेम तीन आठवडे उरले होते.

मग मी ती चूक केली. संघाच्या कागदावर एक पत्रक लिहिलं, तीनदा उतरवून: श्रमदानाच्या दिवशी स्वयंसेवकांना अन्न, चहा अथवा पाणी देऊ नये, स्वयंसेवक ते घेणार नाहीत. आठवड्याच्या आत प्रमुखाचं कार्ड आलं. 'पत्र पोचलं. आमच्या गावचं पाणी चालत नसेल तर येऊ नये.' एवढंच.

कार्ड वाचलं आणि खिशात घातलं. पाणी चालत नाही, ह्या शब्दांचा अर्थ आपल्याकडं काय होतो, ते कुणी मला समजावून सांगायला नको होतं. वकीलसाहेबांना दाखवायची हिंमत झाली नाही. सकाळची पहिली एस.टी. धरली, मलकापूरला उतरलो आणि माफी मागायला चालत निघालो. प्रमुख घरी नव्हता. ओढ्यावर आलो तर ती बाई पलीकडं कपडे धूत होती. तिनं मला बसायलाही सांगितलं नाही.

"आता कशाला आलाईसा? जेवायला?"

मी म्हटलं, "बाई, तुम्हीच सांगा, ह्यांना कामाला कसं लावू?"

"त्येंचं काय चुकलं? तुमी फुकट राबाय येता. फुकट कोन घील? मग खायाला घालून फेडत्यात." तिनं धुणं पिळलं. "आमच्या वाडीत लावनीला मानसं कमी पडली की पैरा करत्यात. तुज्या शेतात मी दोन दिस, माज्या शेतात तू दोन दिस. पैऱ्याला आलेल्याला कोन बोकाड कापत न्हाय. ज्येची त्येनं भाकरी आनायची, काम करायचं आनि जायाचं. पैऱ्याचा मानूस पावणा नसतो."

हे मला चार वर्षांत कुणीच सांगितलं नव्हतं. संध्याकाळी प्रमुख भेटला. आधी माझी माफी त्यानं ऐकून घेतली, तोंड फिरवून. मग मी पैऱ्याचं काढलं. तंबाखू मळता मळता त्यानं विचारलं.

"मग तुमचं काय काम हाय ते सांगा. त्याबगर पैरा कसा हुईल?"

मी कोल्हापूरला येऊन वस्तादांना विचारलं. ते म्हणाले, "तालमीची हीर गाळानं भरलीया की. तीन वर्सं झाली, पोरं नुस्ती बघत्यात." झालं. भात झोडून झालं की गावच्या मंडळानं येऊन विहीर उपसायची आणि आम्ही आत्ता साकव बांधायचा.

पुढच्या रविवारी ट्रक पोचला तेव्हा वेशीत कुणीही नव्हतं. सगळे ओढ्यात उतरले होते. प्रमुखानं आमच्याकडं वळूनही न बघता हाक मारली, "ए जाड्या, तिकडं काय बघतोस, टेकू दे की हिकडं!" जाड्या म्हणजे तालमीचा पहिल्या नंबरचा मल्ल. एरवी त्याला जाड्या म्हणायची कुणाची छाती झाली नसती. तो मुकाट्यानं पाण्यात उतरला. दुपारी ज्यानं त्यानं आपापली भाकरी सोडली. मी तर एका दगडावर बसून सुक्या चटणीबरोबर भाकरी खाताना फार खूश होतो. त्या रविवारी आणि त्याच्या पुढच्या रविवारी काम झालं. फक्त कठडा राहिला. त्याचे बांबू तोडून आणायच्या आतच ओढ्याला पाणी आलं.

आता महिन्याचा कागद. मी खरं ते लिहिलं, पैऱ्यासकट. मला वाटलं, शाबासकी मिळेल. वकीलसाहेबांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला.

"म्हणजे सेवेची परतफेड ठरवलीस तू?"

"साहेब, त्याशिवाय काम होत नव्हतं."

"काम होणं ही एक गोष्ट आणि सेवा ही दुसरी. उद्या प्रत्येक गाव विचारेल, आम्हांला काय देणार. हा व्यवहार झाला. व्यवहार करायला आपण संघ काढला का?" त्यांचा आवाज चढला नव्हता, ह्यानंच मला जास्त भीती वाटली. "त्यांना कळव, यायची गरज नाही. संघ कुणाकडून काही घेत नाही."

मी मान डोलावली आणि बाहेर आलो. त्या माणसानं मला छप्पर दिलं होतं. शिवाय ते मनापासून बोलत होते, तोऱ्यात नव्हे. पण गावाला हे कळवायचं म्हणजे काय? तुमचा पैरा आम्हांला नको, तुम्ही आमचे उपकारच घ्या. पाणी नको म्हटल्याहून ते वाईट. पत्र लिहायला बसलो, एक ओळही पुढं जाईना. शेवटी तोंडीच सांगू म्हणून आषाढात, भर पावसात, गावी गेलो.

ओढा दुथडी भरून चालला होता. साकव जागच्या जागी होता. बाई मुलीचा हात धरून सावकाश अलीकडं येत होती. पोरीनं पाटी पोत्याच्या खोळीखाली दडवली होती. अलीकडं आल्यावर पोर शाळेकडं पळाली आणि बाई माझ्यावर उखडली.

"कठडा कुठं हाय? मी येते म्हनून ही येती. बाकीच्या बाया लावनीवर जात्यात, त्येंच्या पोरांना कोन हात धरून आननार? पाच पोरं घरातच हाईत अजून. फळ्या शेवाळल्यात. येकादं पोरगं गेलं म्हंजी मग कळंल."

"प्रमुखांना सांगितलं नाही का?"

"सांगितलं की. त्यो म्हनतोय, आधी आमी हीर उपसून येतो, पैरा फिटूं दे, मग म्होरला पैरा कठड्याचा."

मी मग प्रमुखाच्या घरी गेलो, चहा घेतला, पाऊसपाण्याचं बोललो आणि निरोप न सांगता परतलो. मलकापुरात गाडीची वाट बघताना वकीलसाहेबांना काय सांगायचं ते जुळवत होतो.

वकीलसाहेबांनी विचारलं, "कळवलंस?"

"नाही साहेब. आणि मी कळवणार नाही. त्यांनी विहीर उपसली नाही तर कठडा होत नाही, आणि कठडा नसला तर पोरं शाळेला येत नाहीत."

आयुष्यात मी त्यांना नाही म्हटलं ते एवढंच. आता खोली सोड म्हणतील, म्हणून मी मनात ट्रंकेत काय काय भरायचं ते मोजत होतो. ते मग म्हणाले, "ठीक आहे. पण संघाच्या कागदावर हे येता कामा नये. आणि ते येतील त्या दिवशी मी तिथं नसेन." आणि पुढच्या मंडळाचा कागद मागितला.

दिवाळीनंतर गाववाले आले, घोंगड्या आणि भाकऱ्या घेऊन, आणि दोन दिवसांत विहीर तळापासून साफ केली. तालमीची पोरं पुढच्या वैशाखात जाऊन कठडा बांधून आली. वकीलसाहेब दोन्ही वेळा परगावी होते. त्यांनी मला पुढं कितीतरी वर्षं सांभाळलं, माझ्या लग्नात वडिलांच्या जागी उभे राहिले. ह्या विषयावर मात्र आम्ही पुन्हा कधी बोललो नाही, आणि मला बोलायचं होतं.

संघाच्या त्या वर्षीच्या अहवालात सगळ्या मंडळांची कामं आहेत. अमुक ठिकाणी गटार, तमुक ठिकाणी वाचनालयाला चुना. त्या गावच्या मंडळापुढं आडवी रेघ आहे, म्हणजे काम निरंक. रेघ मीच मारली. पट्टी लावून, नीट.