पितृपक्षाआधीची डिलिव्हरी

प्रज्ञाचा तिसऱ्यांदा फोन आला, तेव्हाही मी विजेलाच दोष दिला.

"काका, वीज आहे. यूपीएसची बॅटरी तुम्ही सांगितली म्हणून नवी टाकली. तरी सर्व्हर अडकला. आता परत पहिल्यापासून."

प्रज्ञा कर्जतची सर्वेक्षक. ड्रोनने शेतांची छायाचित्रे घेऊन ती नकाशे तयार करते. एका साखर कारखान्याने तिला बारा गावांतील उसाचे नकाशे सांगितले होते. घटस्थापनेपूर्वी ते द्यायचे होते. एवढे मोठे काम तिला प्रथमच मिळाले होते. हजारो छायाचित्रे जुळवण्यास तिचा संगणक अपुरा होता, म्हणून ती नगरला माझ्या दुकानात आली होती.

मी तीस वर्षे संगणकांच्या जुन्या भागांची खरेदी-विक्री करीत आहे; पंचांग पाहिल्यावाचून वस्तू देत नाही, म्हणून लोक मला 'गुरुजी' म्हणतात. त्यांत सर्व्हरचे इंजिनिअरिंग सॅम्पल प्रोसेसरही असतात. नवा प्रोसेसर बाजारात आणण्यापूर्वी कंपनी त्याचे काही नमुने बनवते आणि मदरबोर्ड बनवणाऱ्यांकडे चाचणीसाठी पाठवते. त्यांच्या धातूच्या झाकणावर अंतिम नाव नसते. ते गोपनीय असल्याचा शिक्का असतो. नियमाने ते विकण्यासाठी नसतात. तरीही भंगारातून आणि परदेशी व्यापाऱ्यांकडून ते येतात, नव्यापेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतात. सगळे विकतात, म्हणून मीही विकत आलो. त्यांतील बरेच उत्तम चालतात. काहींत मात्र असा दोष राहिलेला असतो, की दोन-तीन दिवस सलग पूर्ण भार दिल्यावाचून तो प्रकट होत नाही. म्हणून प्रत्येक नमुना आठ दिवस अखंड चालवून मगच द्यायचा, हा माझा नेम होता.

हे सर्व मी प्रज्ञाला समजावून सांगितले. दोन नमुने बसवलेला सर्व्हर तिने पसंत केला आणि बोटांवर दिवस मोजले.

"आठ दिवस तुमची टेस्ट. पाच दिवस माझं प्रोसेसिंग. तरी चार दिवस हातात राहतात. जमतंय, काका."

तो शुक्रवार होता. सोमवारी पितृपक्ष लागत होता.

"आठ दिवस थांबलो, तर यंत्र पितृपक्षात घरी येईल," मी म्हणालो. "पहिल्या मोठ्या कामाचा आरंभ त्या पंधरवड्यात नको. रविवारचा दिवस उत्तम आहे. मी स्वतः घेऊन येतो."

"आमच्यात पितृपक्ष पाळत नाहीत, काका. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच ते सुटलं. तुम्ही निवांत टेस्ट करा."

"तू पाळू नकोस. मला पाळू दे. वस्तू माझ्या हातून जाते आहे."

"तुमच्याशी वाद कोण घालणार!" ती हसली. होकार मात्र तिने दिला नव्हता. मी तो धरून चाललो.

रविवारी सकाळपर्यंत जेमतेम दीड दिवसाची चाचणी झाली. तेवढ्यात यंत्र एकदाही अडखळले नाही. मी ते कर्जतला नेले. डबी उघडून यंत्राला कुंकू लावू लागलो, तेव्हा तिचे वडील, एसटीतून निवृत्त झालेले चालक, दारातून म्हणाले, "गुरुजी, कुकू आत गेलं तर वारंटी जाईल बगा."

"याला वॉरंटी नाहीच."

"मग लावा खुशाल."

सगळे हसले. बुधवारी सर्व्हर पहिल्यांदा अडकला.

मी वीज तपासायला सांगितले. तिने काम पुन्हा सुरू केले. शनिवारी तेच झाले. मी बॅटरी बदलायला लावली. मंगळवारी तिसरा फोन आला. आज विचार करतो तेव्हा कळते, की दोष प्रोसेसरमध्ये असेल हे मला सुचले नव्हते असे नाही. शुभ दिवशी, स्वतःच्या हाताने दिलेली वस्तू सदोष असावी, हे मान्य करायला मन तयार नव्हते.

बुधवारी मी कर्जतला गेलो. सर्व्हर स्वतःच्या बिघाडांची नोंद ठेवतो, ती उघडली. तीनही वेळा दोहोंपैकी तोच एक प्रोसेसर चुकला होता. ही नोंद पहिल्याच फोनवर मागवता आली असती. पाहायला पाच मिनिटे लागली. मी गुरुवारी नगरहून आठ दिवस तपासलेला दुसरा प्रोसेसर आणून बसवला. संध्याकाळी काम चौथ्यांदा सुरू झाले. पाच दिवसांच्या कामाला आता तीनच दिवस उरले होते.

प्रज्ञाने कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यांना फोन लावला. मी तो तिच्या हातून घेतला आणि चूक सर्वस्वी माझी आहे, असे सांगितले.

"गुरुजी, चूक तुमची असंल," ते म्हणाले, "पण मीटिंगमधी मला नकाशा दाखवावा लागतो, चूक न्हाई."

"दोन दिवसांचाच प्रश्न आहे."

"बॉयलर पेटवायचा दिवस ठरलाय. काम रखडलंय कळलं म्हणून काल पुण्याच्या पार्टीला निम्मी गावं दिली. आता उरलेली बी देतो."

मी फोन ठेवला. वडील उठून बाहेर गेले.

"तुमचे आठ दिवस मी धरले होते, काका," प्रज्ञा एवढेच म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला सोपे गेले असते.

मी यंत्र परत घेतले, पैसे परत केले. त्याने तिची बारा गावे परत आली नाहीत. पुढे तिने हप्त्यावर नवा, कंपनीचा सर्व्हर घेतला. भेटली की अजून आदराने बोलते. माझ्याकडून मात्र तिने पुन्हा काही घेतले नाही.

गेल्या वर्षी श्रीगोंद्याच्या एका डॉक्टरांच्या सर्व्हरची चाचणी सर्वपित्री अमावास्येला पूर्ण झाली. मी त्याच दिवशी तो पोचवला.

"गुरुजी, तुम्ही? आज?" ते चकित झाले.

"आठ दिवस आज भरले," मी म्हणालो.

हे मी प्रज्ञाला कळवलेले नाही. तिच्या उपयोगाचे त्यात काही नाही.