आपत्ति आणि आपत्ती

गोविंदपुऱ्यातल्या आमच्या कारखान्यात भिंतीवर फ्रेम लागायची ती देवांची किंवा वारलेल्यांची. सेठजींचे वडील गणपतीच्या शेजारी हार घालून होते. तिसरी फ्रेम लागली ती एका जिवंत बाईच्या प्रमाणपत्राची, आणि ती माझ्या टेबलासमोर लागली.

ती पुण्याहून आली होती. नवऱ्याची बदली भोपाळला झाली म्हणून. वय एकतीस. तिने प्रोजेक्ट मॅनेजमेंटची परीक्षा दिली होती आणि ईमेलखाली नावापुढे तीन इंग्रजी अक्षरं लावत असे. माझं वय एकोणपन्नास, नोकरी बावीस वर्षांची, आणि नावापुढे कधी स्वल्पविरामसुद्धा लागला नाही. ती मला पहिल्या दिवसापासून ताई म्हणायची. त्यामुळे तिच्याशी उघड वैरही करता येईना.

आम्ही लोखंडी जिने, प्लॅटफॉर्म, रेलिंग करतो. पावसाळ्यानंतर पाण्याच्या टाक्यांचं एक मोठं काम येणार होतं, सात गावांचं. त्याचा प्रमुख कोण, हे सेठजी महिनाअखेर ठरवणार होते. ते काम मला हवं होतं. किती हवं होतं ते मी घरीही कुणाला सांगितलं नव्हतं.

तिची पद्धत मी बारकाईने पाहत असे, मत्सरी माणूस पाहतो तशी. प्रत्येक कामाला ती एक तक्ता करायची: काय बिघडू शकतं, बिघडलं तर कोण धावेल. मीटिंग संपली की काय ठरलं ते सगळ्यांना लिहून पाठवायची. मी चहाच्या टपरीवर म्हणायची, आमची आई सत्यनारायणाच्या आधी हेच करायची, फक्त तिने परीक्षा दिली नव्हती. वेल्डर हसायचे. मला बरं वाटायचं, साधारण चहा संपेपर्यंत.

मग सरकारी खात्याचं पत्र आलं. चालू कामावर, जुन्या टाकीच्या जिन्यावर. हिंदीतलं, एका ओळीचं: रेलिंग के संबंध में विभाग को आपत्ति है.

राजधानी भोपाळला हलली तेव्हा नागपूरहून सरकारी कचेऱ्यांबरोबर आलेल्या घरात मी वाढले, शाळा हिंदीत झाली. आपत्ति म्हणजे हरकत, हे मला विचारावं लागत नाही. मागच्या खेपेला त्यांची हरकत उंचीवर होती, म्हणजे यंदाही उंचीच. मी अठ्ठावीस रेलिंग वाढवायचा हिशोब मांडायला घेतला.

ती मात्र पत्र हातात धरून माझ्या टेबलाशी आली. चेहरा उतरलेला.

"ताई, कुणी पडलं का हो?"

मला आधी समजलंच नाही. मग कळलं. पुण्याच्या मराठीत आपत्ती म्हणजे संकट. तिला वाटलं रेलिंगवरून माणूस कोसळला, आणि खात्याने एका ओळीत कळवलं. मी हसले. तिच्यासमोर हसले, आणि नंतर टपरीवर साभिनय हसले. तीन अक्षरांच्या बाईला हिंदीतला एक शब्द येत नाही, ही बातमी संध्याकाळपर्यंत पेंटिंगच्या शेडपर्यंत पोचली.

पण तोपर्यंत तिने खात्याच्या इंजिनिअरला फोन लावला होता. मोडक्या हिंदीत, न लाजता. कुणी पडलेलं नव्हतं. हरकतच होती, पण उंचीवर नाही. जिन्याच्या वरच्या टोकाला आम्ही बसवलेलं फाटक बाहेर, रिकाम्या बाजूला उघडत होतं. माणसाने त्यावर भार दिला की तो फाटकासकट हवेत. इंजिनिअर म्हणाला होता, कोई गिर जाएगा किसी दिन.

म्हणजे तिचा चुकीचा अर्थ माझ्या बरोबर अर्थापेक्षा खऱ्याच्या जवळ होता. मी अठ्ठावीस रेलिंग कापून, वाढवून, रंगवून पाठवल्या असत्या, आणि फाटक तसंच उघडत राहिलं असतं.

मी तिला विचारलं, फोन करायचं कसं सुचलं. कोर्समध्ये घोकून घेतात, म्हणाली. पत्र कळलं असं वाटलं तरी लिहिणाऱ्याशी एकदा बोलायचंच. यात शिकण्यासारखं काय आहे, असं तोंडावर आलं होतं. पण मी शेवटचा असा फोन केव्हा केला होता, ते काही आठवेना. इतक्या वर्षांच्या अनुभवाने मला बऱ्याच गोष्टी दिल्या, त्यात विचारायची लाजही दिली होती.

काम संपल्यावर काय शिकलो ते लिहायचा तिचा एक कागद असतो. तो घेऊन ती माझ्याकडे आली. चूक कुणाची ते लिहायचं नसतं, तिने हळूच सांगितलं. मला तिची ती मेहरबानी सगळ्यात जास्त झोंबली. मी पेन घेतलं आणि लिहिलं की पत्र मी वाचलं, न विचारता अर्थ लावला, फाटकाची चूक हिने पकडली. खाली सही केली.

सेठजींनी तो कागद वाचून मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, अब आप ही बताइए, टंकीवाला काम किसको दूँ?"

मला द्या, हे शब्द ओठांवर होते. मी म्हटलं, "उसी को दीजिए."

त्यांनी लगेच मान हलवली. थोडा वेळ तरी विचार करतील असं मला वाटलं होतं.

हे सांगून मन हलकं झालं, असं म्हणणार नाही. सातही गावांच्या नकाशांवर तिची सही दिसते तेव्हा अजून मी नकाशा पटकन गुंडाळून ठेवते. काम तिला गेलं त्या आठवड्यात नेहरू नगरच्या घरी बसून मी तिच्याच कोर्सचा ऑनलाइन फॉर्म भरला. प्रवेश घेण्याचं कारण, असा एक रकाना होता. मी मत्सर असं टाइप केलं, थोडा वेळ त्याकडे पाहिलं, मग खोडून व्यावसायिक प्रगती लिहिलं आणि पाठवून दिलं.