रेषेच्या अलीकडचा भाडेकरू

१८ जानेवारी, रविवार. ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते, तेवढ्यात आमचा इटालियन भाडेकरू सलीमभाईंच्या रिक्षातून उतरला. गळ्यात पदक, आणि चेहरा मात्र कुणाला तरी पोचवून आल्यासारखा. शर्यत पुरी करण्याच्या बाबतीत इतका कमनशिबी धावपटू पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल, याची मला तेव्हाच खात्री पटली.

हा माणूस शेंद्र्याच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला आला आणि आमच्या वरच्या मजल्यावर राहिला. पण त्याचा खरा धंदा पळण्याचा. तरुणपणी युरोपातल्या मोठमोठ्या मॅरेथॉन तो पळाला, आणि त्यांतली एकही त्याने पुरी केली नाही. त्याची नेमणूकच वेग लावून द्यायला असायची. नामांकित धावपटूंना तीस किलोमीटरपर्यंत ओढत न्यायचं आणि मग निमूट बाजूला व्हायचं. हे ऐकून मी म्हटलं, "म्हणजे पंगतीतला वाढपी. सगळ्यांना वाढायचं, आणि आपली वेळ आली की पातेलं रिकामं." त्याला हे इतकं पटलं, की त्याने लगेच फोनवर आईला सांगितलं. इटालियनमध्ये काय सांगितलं कोण जाणे, मधे 'वाढपी' मात्र स्पष्ट ऐकू आलं.

मराठी तो निम्मी माझ्याकडून आणि निम्मी सलीमभाईंकडून शिकला, त्यामुळे तिचा भरवसा नाही. 'पळत जाणं' आणि 'पळून जाणं' यांतला फरक तर त्याच्या डोक्यात कधीच शिरला नाही. गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना त्याने जिन्यातच हात जोडून सांगितलं, "मी वीस वर्षं पळून गेलो. लई मजा आली." एकीने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"बायकोला टाकून का गं?"

"बायकोच नाय त्याला."

"मग कुणाची घेऊन?"

बूट वाळवायला त्याला माझ्या कुरडयांशेजारचीच जागा लागायची. मी एकदा ते उचलून अंगणात भिरकावले. दुसऱ्या दिवशी बघते तर कुरडया सावलीत आणि बूट उन्हात. वर मलाच म्हणाला, "वहिनी, कुरडयांना पळायचं नाय."

त्याची खरी अडचण आमचं गाव. इथे कामाशिवाय कुणी पळत नाही. माणूस पळतोय म्हणजे त्याची एसटी तरी चुकली, नाहीतर दवाखान्यात कुणीतरी आहे. त्यामुळे तो पहाटे रस्त्याला लागला की दूधवाल्यापासून ट्रकवाल्यापर्यंत सगळे थांबून "बसा" म्हणायचे. सलीमभाई तर रोजचेच. "कायकू भागरे साब? बैठो, मैं उधरिच जारौं." नाही म्हटलं की लोकांचा चेहरा उतरतो, हे त्याच्या लक्षात आलं. मग तो चौकापर्यंत बसायचा, आभार मानायचा, आणि जिथून बसला तिथवर परत पळत जाऊन तेवढा रस्ता पुन्हा पुरा करायचा.

या महिनाअखेर तो कायमचा परत चालला आहे. गुडघा कुरकुरतो, यापुढे मॅरेथॉन नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणून त्या रविवारची इथली शर्यत, खुलताबादच्या वाटेनं जाऊन परत यायची, त्याला पुरी करायची होती. एकदाच रेषा ओलांडून बघायची होती.

परतीच्या वाटेवर घाट उतरल्यावर त्याला भोवळ आली. नेमके सलीमभाई तिकडून येत होते. त्यांनी त्याला उचललं, रिक्षात घातलं, आणि डॉक्टर मैदानावर आहेत म्हणून हॉर्न वाजवत रिक्षा थेट शेवटच्या कमानीखालून आत नेली. टाळ्या वाजल्या. गर्दीत कुणीतरी पदकही घातलं. डॉक्टरांनी मीठपाणी पाजून घरी पाठवलं, काळजीचं काही नव्हतं.

"भाभी, मैं क्या गलत किया? आदमी गिररा था," सलीमभाई रडवेले झाले होते.

"नाय सलीमभाई, तुम्ही चांगलं केलं." भाडेकरूने पदक काढून माझ्या टोपल्यात शेंगांवर ठेवलं. "पण वहिनी, हे माझं नाय. हे रिक्षाचं."

यावर समजूत घालत बसण्यात अर्थ नव्हता. मी सलीमभाईंना विचारलं, "कुठून उचललं, ती जागा सापडेल का?"

"सापडती ना. चिंच है उधर."

दोघांना चहा दिला आणि उरलेल्या शेंगा सोलून टाकल्या.

सोमवारी सकाळी सलीमभाईंनी त्याला त्याच चिंचेखाली उतरवलं. मी स्कूटी घेऊन मागे राहिले. थांबणाऱ्या प्रत्येकाला पिटाळणं, एवढंच माझं काम. एक मोटरसायकलवाले काका काही केल्या हटेनात.

"अवो ताई, लंगडायलाय बिचारा. बसू द्या की!"

"नाय बसायचं त्याला. पळू द्या."

"असं काय पाप केलं हो त्यानं?"

मैदानावर मांडववाले बांबू उपसत होते. कमान उतरवलेली, चुन्याची रेष अर्धी पुसलेली. ती चार पावलांवर आली आणि हा गडी सवयीनं रस्ता सोडून बाजूला वळला. मी हॉर्न दाबून ओरडले, "सरळ! सरळ जा!" मांडववाले बघतच राहिले.

तो दचकला, सरळ झाला, रेषेपलीकडे गेला आणि तिथंच उभा राहिला. बराच वेळ धापा टाकत होता. मग माझ्याकडे वळून त्याने अगदी खरंच विचारलं, "वहिनी, आता इथून पुढे काय करतात?"

मला तरी काय ठाऊक. मी म्हटलं, "घरी जातात," आणि त्याला मागे बसवून स्कूटी सुरू केली.