चाल कोणी शिकवली?

हे मी कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नाही. आणि पत्रकं लिहिणं तर माझं काम — शेठने पगार दाबला, लिही. लूममध्ये कुणाचा हात गेला, लिही. सुरतेत आमच्या गोडादऱ्याच्या निम्म्या भिंतींवर माझे शब्द चिकटलेले आहेत. ही एक गोष्ट मात्र आईला सांगितली नाही, संघटनेत सांगितली नाही, आणि ज्याला सांगायला हवी होती त्याला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतो आहे. तुम्हालाच का? तुम्ही यातल्या कुणाला ओळखत नाही म्हणून असेल. म्हणजे हेही काही फार धाडसाचं काम नाही.

पाव्यापासून सुरू करतो.

आमच्या खोलीला लागून सुकलाल आप्पांची खोली. मध्ये पत्रा. इकडे शिंकलं की तिकडून कुणीतरी बोलणार. आप्पा शिरपूरकडचे, आमच्यासारखेच पोटासाठी सुरतेला आलेले, पॉवरलूमवर कारागीर. घरात त्यांची बायको — तिला सगळी गल्ली मोठमाय म्हणायची — लग्नाच्या दोन मुली, आणि पुतण्या दिलीप. दिलीपला आप्पांनीच गावाहून आणलं, लूम शिकवला, आपल्याच शेडमध्ये लावलं. स्वतःचा मुलगा नव्हता; माझ्यामागे हाच, असं ते चारचौघांत म्हणायचे. दिलीप मान खाली घालून हसायचा.

आप्पा काही संत नव्हते. चिडके होते. लूमच्या खडखडाटाने कान निम्मे गेलेले, त्यामुळे गुपितसुद्धा ओरडून सांगायचे. पण पावा वाजवायला लागले की गल्लीतली भांडणं थांबायची. वाजवायचे फक्त श्रावणात, कानबाईला. आमच्याकडे कानबाई देवी घरात बसते आणि दुसऱ्या दिवशी तिला वाजतगाजत नदीवर पोचवतात. ती उठते तेव्हा बायका जे गाणं म्हणतात, त्याची चाल आप्पांच्या पाव्यावर होती. त्या चालीत एक जागा होती — दुसरी ओळ संपते असं वाटतं, पण श्वास तुटतच नाही, सूर तसाच अधांतरी राहतो, जणू बाई उंबऱ्यात थांबून मागे बघते आहे. मोठमाय त्या जागी दरवेळी रडायची.

मला ती चाल हवी होती.

हौस म्हणून नाही. आप्पांना मी तसंच सांगितलं, मला फार हौस आहे म्हणून — ते पहिलं खोटं. खरं कारण वेगळं होतं. बारा तासांची पाळी बंद करा, आठ तासांची करा, ही आमची मागणी. आम्ही शेडबाहेर पाळी बदलताना भाषणं करायचो आणि माणसं डबा काखेत मारून आमच्या समोरून निघून जायची. बारा तास उभा राहिलेला माणूस भाषणाला कशाला उभा राहील? मला वाटलं, गाण्याला राहील. त्यांच्याच गाण्याला. शब्द बदलू, चाल तीच ठेवू. सगळ्या चळवळी असंच करतात. आम्हाला त्यात कधी चोरी वाटली नाही.

शिकायचं ते लाइटच्या रजेच्या दिवशी. वीज नसली की आसपासचे सगळे लूम बंद, आणि तेवढ्या दिवशीच आमच्या गल्लीत माणसाला माणसाचं ऐकू यायचं. आप्पांनी लाइट-फिटिंगच्या प्लॅस्टिक पाइपला तापल्या सळईने भोकं पाडून माझ्यासाठी पावा केला. बांबूचा तुझ्या हातात देणार नाही म्हणाले. मी फुंकायचो आणि नुसता वारा निघायचा. डोकं गरगरायचं. आप्पा उंबऱ्यावर तंबाखू मळत ओरडायचे, “अरे भो, ती फुकनी से का? चूल पेटाडी राह्यना का तू?” की पत्र्यापलीकडून माझी आई हसायची, मोठमाय हसायची. दिलीप हळूच सांगायचा, ओठ एवढे आवळू नको, गरम पाणी फुंकल्यासारखं कर. त्याला येत होतं. आप्पांसमोर वाजवायला लाजायचा, एवढंच.

मग एका रजेला सूर लागला. चार बोटांत बसणारी चाल, पण ती अधांतरी जागा येईना. आप्पांनी माझ्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाले, इथून सोड. मी सोडला. सूर राहिला — उंबऱ्यातच राहिला. आप्पा उठले. तंबाखूची पुडी खिशात घातली आणि आत गेले. मला आयुष्यात तेवढी शाबासकी कधी मिळाली नव्हती. सांगायला लाज वाटते, पण त्या दिवशी मी पाळी, मागणी, पत्रक सगळं विसरलो होतो. तेवढाच एक दिवस.

आप्पांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. चाल कानबाईपुढेच वाजवायची. आणि दुसरी — मी संघटनेची पावतीपुस्तकं घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हाची — “तुमना कागदस्मा मना नाव घालू नको. दोन पोरीस्नं लगन बाकी से.” भिऊन म्हणाले नाहीत, स्वच्छ म्हणाले. मी बाहेर पडलो आणि आमच्या पोरांना म्हणालो, असल्या माणसांमुळेच शेठ माजतात.

पहिली अट मी मोडली. शेडच्या तोंडाशी, संध्याकाळच्या पाळीला, मी पावा वाजवला आणि आमच्या पोरांनी नवे शब्द म्हटले. देवीच्या जागी शेठ, नदीच्या जागी लेबर कोर्ट. माणसं थांबली. पहिल्यांदा थांबली! डबे खाली ठेवले. ती अधांतरी जागा आली तेव्हा एक म्हातारा कारागीर टोपी काढून उभा राहिला. मला वाटलं, जिंकलो.

आप्पांना हे कळलं तेव्हा गल्लीत तमाशा झाला. “देवीना जागावर शेठले बसाडं का रे?” मी पाय धरले, सगळ्यांसमोर चूक कबूल केली. पाठीत एक धपका घातला त्यांनी आणि विषय संपला. ही कबुली गल्लीला अजून आठवते. पोरगा खरा आहे, चुकला तर मानतो, असं लोक म्हणतात. लहान गुन्हा कबूल केला की मोठा किती सोयीने झाकला जातो, हे मी तेव्हा शिकलो.

कारण मोठा गुन्हा आधीच झाला होता. त्याच संध्याकाळी, गाण्यानंतर.

मी चहाच्या लारीवर, हातगाडीला टेकून उभा होतो. अंगात वारं भरलेलं. आप्पांच्या शेडचा मास्तर आला — मास्तर म्हणजे कारागिरांवर नजर ठेवणारा, शेठचा माणूस. तोही खानदेशातलाच. चहा त्याने सांगितला. म्हणाला, “काय नेताजी, पावा तर फक्कड वाजाडं! हाई आमनाकडली चाल से. कोनी शिकाडं?”

मी गप्प राहू शकलो असतो. आजीने, म्हणू शकलो असतो. आमच्या त्या बाजूचे पावा वाजवणारे सुरतेत काही एकटे आप्पा नव्हते. मास्तरने मुलूख ओळखला होता, माणूस नव्हे. हे मी किती वेळा तपासून पाहिलं आहे! प्रत्येक वेळी उत्तर तेच येतं.

मी म्हणालो, सुकलाल आप्पांनी.

एवढंच म्हणालो असतो तरीही कदाचित — नाही, कदाचित नाही. मी एवढ्यावर थांबलोच नाही. मास्तर हसला, म्हणाला, तो म्हातारा? तो तर गाय आहे. आणि मला ते झोंबलं. कशासाठी झोंबलं? आप्पांसाठी नव्हे. आमची संघटना केवढीशी, हे त्याच्या हसण्यात होतं म्हणून. मी म्हणालो, “गाय कसली? आप्पा आमच्यातच आहेत. तुमच्या शेडमध्ये आमचा पाया त्यांनीच घातलाय.”

खोटं. धडधडीत. पत्रकात आम्ही लिहितो ना, ‘हजारो कामगार आमच्या पाठीशी’ — त्याच सवयीने, तेवढ्याच सहज. मास्तरने चहाचे पैसे दिले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला.

आठवड्याच्या आत आप्पांना शेडमधून काढलं. शेठने सांगितलं, आतून खबर आहे, तू युनियन बांधतोस. आप्पा हसलेच म्हणे आधी. मग हात जोडले. आसपासच्या कुठल्याच शेडमध्ये त्यांना कुणी उभं केलं नाही. मास्तर लोक एकमेकांना सांगतात.

आणि मी काय केलं? पत्रक लिहिलं. अन्यायाची चीड होती, खोटं सांगत नाही, खरीखुरी चीड होती. रक्त उसळत होतं लिहिताना. मथळा दिला: ‘घरभेदी कोण?’ आमच्यातल्याच कुणीतरी शेठच्या कानाला लागून एका निष्पाप कारागिराची भाकरी हिसकावली, असं लिहिलं. घरभेदी हा शब्द मी निवडला, कारण तो जोरदार होता, भिंतीवर उठून दिसला असता. त्या शब्दाने बोट कुठे जाईल, हे मला लिहिताना कळलं नव्हतं का? पहिल्या ओळीला नसेल. तिसऱ्या ओळीला कळलं होतं. मी चौथी लिहिली.

आप्पांच्या घरातलं, आणि आप्पांच्याच शेडमधलं — असं दुसरं कोण होतं? दिलीप. त्याला काढलं नव्हतं. उलट आप्पांचे रिकामे लूम त्यालाच दिले होते. गल्लीला आणखी कसला पुरावा हवा होता?

मी पत्र्याच्या अलीकडे बसलो होतो. सगळं ऐकू येत होतं. “मी काहीच सांगं नई, आप्पा.” तो हे पुन्हा पुन्हा म्हणत होता, दरवेळी आवाज आणखी खाली. आप्पांना तसंही कमी ऐकू यायचं. मग काहीतरी आपटलं, आणि मोठमाय म्हणाली, “तुनं गठुडं उचल.” माझ्या आईने माझ्याकडे बघून मान हलवली. रक्ताचं माणूस असं निघावं, म्हणाली. मी हो म्हणालो. नुसतं गप्प बसलो असतो तर निदान — पण मी हो म्हणालो.

दिलीप सुरतेच्या दुसऱ्या टोकाला, कोसाडला राहायला गेला. तिथेही आमचं पत्रक पोचलं होतं. आम्ही पोचवलं होतं.

आप्पांना शेवटी सुरतेबाहेर सचिन गावात काम मिळालं, रंगाईच्या कारखान्यात. वाफ, रंग, ॲसिडचा वास. तिथल्या कामाबद्दल मी एक अख्खं पत्रक लिहू शकतो, लिहिलंही आहे, आणि त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. मालक दोषी आहेत. बारा तासांची पाळी दोषी आहे. या देशात कामगाराला — बघा, सुरू झालं. हे सगळं खरं असूनही चहाच्या लारीवर मालक नव्हता उभा. मी होतो.

पुढच्या श्रावणात आप्पांना श्वास पुरेना. पावा ओठाला लावला की खोकला. कानबाई उठायची वेळ झाली, बायका खोळंबल्या. आप्पांनी आपला बांबूचा पावा माझ्या हातात दिला. “वाजाड. आते तूच मना घरना.” जागा दिलीपची होती. त्याला ती चाल माझ्यापेक्षा चांगली येत होती, हे मला माहीत होतं, आप्पांना माहीत नव्हतं. मी तेही सांगितलं नाही. मी वाजवलं. चांगलं वाजवलं. मोठमाय त्या जागी रडली.

दोन वर्षं मी त्यांच्या घरचा होऊन राहिलो. धाकट्या मुलीच्या लग्नात मांडवाची सगळी धावपळ माझ्याकडे होती. आप्पा पाहुण्यांना माझी ओळख करून द्यायचे, हा शिकलेला पोरगा, अडीनडीला हाच उभा राहतो. दर वेळी वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, आता सांगून आप्पांना काय मिळणार? दिलीपला काय मिळालं असतं, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही. मुद्दाम नाही विचारला.

आप्पा गेल्या हिवाळ्यात गेले. शेवटी बोलताही येत नव्हतं, नुसती छाती वर-खाली व्हायची. निरोप कुणी पोचवला माहीत नाही, पण तिरडी बांधत होते तेव्हा दिलीप आला. कामावरूनच आला होता, केसांत कापसाची रुई. सरळ पुढे गेला, पायांशी वाकला.

“त्यास्ले हात लावू नको रे तू,” मोठमाय म्हणाली.

तो वाकलेलाच राहिला थोडा वेळ. मग उठला. त्याने आजूबाजूला सगळ्यांकडे पाहिलं — कुणीतरी आपल्या बाजूने एक शब्द बोलेल म्हणून पाहतात तसं. माझ्याकडेही पाहिलं. मी तिरडीची दोरी आवळत होतो. वाक्य लहान होतं. एवढं लहान वाक्य मी पत्रकातसुद्धा कधी लिहिलं नसेल. तोंडात तयार होतं.

मी गाठ मारली.

अग्नी मोठमायच्या भावाने दिला. विस्तवाचं मडकं धरून पुढे चालायचा मान घरच्या मुलाचा; तो तिने मला दिला. मी धरलं. दिलीप गल्लीच्या तोंडापर्यंत मागे मागे आला आणि तिथून वळला.

नाव दिलीपने सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं.